अकरा सारस

बोडीच्या पाळीवर पोटावर पडून
सात वाजेपर्यंत नुसतं काचेवरचं धुकं पुसत होतो.
मग तो पळाला. सारस उडण्याआधी पळतो,
धानाच्या बांधीतून, लांब लांब ढांगा,
पंख नंतर आठवल्यासारखे उघडत,
आणि माझं बोट दाबलेलंच राहिलं.

तेवीस फ्रेम. त्यातल्या अकरा निवडल्या.
रात्री खाटेवर लॅपटॉप घेऊन
एकावर एक ठेवल्या, पिसापिसाची कड कोरली:
चार पावलं जमिनीवर, पाचवं अर्धं,
पुढे पाय मागे सरळ, काठीसारखे,
धुऱ्यापासून मोहाच्या शेंड्यापर्यंत
एका सकाळचा एकच पक्षी, अकरा वेळा.
आभाळ तेवढं साफ केलं.

सुकरू वलथरेला दाखवलं.
जाळं पिळायचं सोडून तो मोजत गेला.
"अकरा? आपल्या बोडीवर?
मागल्या धानाले दोन होते, बाप्पा."
समजावलं. हसला.
मग त्याचं ओलं बोट
आठव्या आणि नवव्याच्या मधे थांबलं,
स्क्रीनवर एक थेंब ठेवून.
"अठून तार जाते ना? मोटारीची.
दुसरा अठंच लागला होता.
म्याच उचलला. मान पार
माह्या गुडघ्यापर्यंत लोंबली."

घरी येऊन मूळ फ्रेम उघडल्या.
तार होतीच, सगळ्यांत,
आठव्याच्या चोचीवर,
नवव्याच्या पायांखाली, वीतभर.
जिथली तिथे परत ठेवली.

मधलं
माझ्याकडे काहीच नाही.