शून्य शून्य

एंडेलनं लॅपटॉप आणला
धुरी दिलेले मासे आणतो तसाच, वर्तमानपत्रात गुंडाळून,
आणि वाचनालयाच्या टेबलावर ठेवून म्हणाला,
"ह्याला बोलतं कर.
घरात तार आली आहे. बोटीच्या शेडपर्यंत हवा जायला हवी,
साठ पावलं. लीनी तिथं जाळी दुरुस्त करते."

बाहेर नोव्हेंबर. किह्नूची फेरी दोन दिवस बंद.
पेर्नूहून नवं कार्ड येणार नाही,
तेव्हा जे आहे त्याचीच मनधरणी.
मी यंत्राला विचारलं, तुझ्या पोटात कोण कोण आहे?
त्यानं यादी दिली. यादीत कार्ड होतं,
नाव होतं, नंबर होता,
फक्त त्याला ओळखणारं घरात कुणी नव्हतं.

मग कर्नेल उघडलं.
निळा पडदा, खोलीत खोली, त्या खोलीत कपाट:
ड्रायव्हर, त्यात नेटवर्क, त्यात बिनतारी,
त्यात कंपन्यांची नावं, निम्म्या केव्हाच बुडालेल्या,
आणि प्रत्येकीसमोर एक चौकट.
चांदणी ठेवली, तर तो कायमचा घरातला.
'एम' ठेवला, तर हाक मारली की येणारा.
रिकामी ठेवली, तर जन्मलाच नाही.
"हाक मारली की येणारा बरा," एंडेल म्हणाला,
"कायमचे घरात आलेले मी पाहिलेत."

बांधणी चार तास चालली.
पंखा धापा टाकत होता, ओळी सरकत होत्या,
मध्ये काळा पाव, खारवलेला हेरिंग आणि त्याचं बोलणं.
मच्छीमारांच्या कोल्खोजात रेडिओवर होता तो,
एकवीस वर्षं, तीन बोटी, खुर्ची एकच.
"सरहद्दीजवळ गेलो की ऐकायची मुभा. बोलायची नाही.
पलीकडचे, गॉटलंडचे कोळी ऐकायचो. हवामान. शिव्या.
एकदा कुणाच्या तरी मुलीचं बारसं, सगळं, गाण्यासकट.
इकडे आमच्या किनाऱ्यावर दिवेलागणीला
शिपाई दंताळं फिरवायचे, वाळू विंचरून ठेवायचे,
रात्रीतून कुणी गेलं तर पाऊल दिसावं म्हणून."
काटा काढायला थांबला.
"पोरं मुद्दाम उलटी चालायची."

यंत्र पुन्हा सुरू केलं. ड्रायव्हर आला,
दारातच अडला: फर्मवेअर नाही.
शाळेच्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये आणलं,
कंपनीनं दिलेला बंद गोळा,
आत काय आहे ते विचारायचं नाही.
जिभेखाली गोळी ठेवावी तसा त्याच्या जागी ठेवला.

कार्ड जागं झालं. अख्खं गाव ऐकू लागलं:
शाळा, दुकान, धर्मगुरूंचा नवा राउटर.
पण वरच्या पट्ट्यावर, जिथं गोंगाट नाही,
तिथं ते स्वतःहून काही बोलेना.
मी नोंदी वाचत खाली गेले, आणि एका ओळीवर थांबले.
देश: शून्य शून्य.
म्हणजे कुठलाच नाही. म्हणजे कुठलाही.
आपण कोणत्या देशात आहोत हे ज्या कार्डाला माहीत नाही
त्याला नियम एवढाच, की ऐक.
पहिला शब्द तुझा नाही.

हे मी त्याला वाचून दाखवलं.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "माझा जन्म, माझी शाळा, माझी पेन्शन,
तीन कागदांवर तीन शिक्के आहेत.
घर त्याच दगडांवर आहे. मला तरी कुणी विचारलं होतं?"

दोन अक्षरं टाकायची असतात.
मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.
दोरानं कापून कापून जाड झालेलं बोट
आधी हवेत फिरलं, मग उतरलं:
ई. आणि, खात्री करून, पुन्हा ई.

दिवा नारिंगीचा हिरवा झाला.
नेटवर्कला नाव काय देऊ, विचारलं,
तर तिसऱ्या बोटीचं रेडिओवरचं नाव सांगितलं त्यानं,
एकेक अक्षर सुटं, तोंडाला हात लावून,
जसं वाऱ्यातून सांगतात.

संध्याकाळी शेडवरून जाताना
माझ्या फोनच्या यादीत, अगदी तळाशी,
एका काडीची ताकद घेऊन ते नाव उभं होतं.
पासवर्ड त्यानं मला सांगितला नाही.
मीही विचारला नाही.