एकशे अडुसष्ट तास

स्वतःच्याच फोनचं कुलूप काढायला
कंपनीनं सात दिवस थांबायला लावलं.
एकशे अडुसष्ट तास, दिव्यानी म्हणाली,
हेडाऊंची धाकटी, पॉलिटेक्निकला जाते.
तासांत सांगितलं की कमी वाटत असेल त्यांना.

फोन सहा वर्षांचा, काच एका कोपऱ्यात तडकलेली.
बँकेचं अ‍ॅप म्हणे, तुमचं यंत्र आता चालणार नाही.
यंत्र तर चालतं. मी रोज चालवतो.
गोळीबार चौकातला दुकानदार हातातही घेईना:
"टाका भंगारात काका, हप्त्यावर नवा घ्या."
दिव्यानी म्हणाली, "काहून? अंग चांगलं आहे याचं.
आतली सिस्टिम बदलू फक्त."

हे मला लगेच समजलं.
माग तोच राहतो, सागाचा,
बापाच्या घामानं काळा पडलेला;
ताणा संपला की नवा चढवायचा.
त्यापायी कोणी माग जाळत नाही.
नंतर जाळले आम्ही, चुलीत. ती गोष्ट वेगळी.

"सगळं पुसलं जाईन, काका."
"सगळं?"
"सगळं."

आमच्यात जुन्या ताण्याचं टोक फणीत ठेवतात,
वीतभर,
नव्याचा एकेक धागा त्याला सांधायला.
आई सांधायची. बोट राखेत बुडवायची,
पीळ द्यायची, पुढचा धागा.
चोवीसशे धागे, आणि मान वर नाही.
इथं टोक ठेवत नाहीत.

म्हणून त्या सात दिवसांत
कॅलेंडरच्या पाठीवर मी नंबर उतरवले.
गॅसवाला. जावई. डोळ्याचा दवाखाना.
सुकाजी पौनीकर.
पेन तिथं जरा थांबलं, मग पुढं गेलं.

रविवारी दुपारी शेहेचाळीस डिग्री.
दिव्यानीच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायरवरच जगतो,
म्हणून कूलर बंद: व्होल्टेज पडलं तर फोन विटकर होते म्हणे.
गिरजा वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली,
पोरीला नाही, फोनला.
पडद्यावर इंग्रजीत काही आलं.
"लिहिलंय, इथून पुढं जे होईन ते तुमच्या जबाबदारीवर."
"आजवर कोणाच्या होतं?"
तिनं बटण दाबलं.

काळा पडदा. मग एक गोल, फिरत.
वीस मिनिटं नुसता फिरत.
तिनं नख खाल्लं. "पहिल्यांदा वेळ लागते."
मला माहीत आहे.
नव्या ताण्याची पहिली वीत
कधीच सरळ येत नाही, कापूनच टाकतात.

उघडला तेव्हा आत कोणीच नव्हतं.
चुना मारलेली खोली.
"अंगठा नाही चालणार काका, तेवढं अजून बनलं नाही यात."
मी हसलो. माझा अंगठा
रेशनच्या दुकानातही चालत नाही.
रेषा सुतानं केव्हाच नेल्या.

आणि वरती लिहिलेलं:
गुरुवार, १ जानेवारी १९७०.
पहाटेचे पाच पस्तीस.

"सिम नाही न टाकलं अजून. नेटवर्क भेटलं की सुधरते."
सिम तिच्या बोटांत होतं.
"थांब थोडं," म्हटलं.

मी आठ वर्षांचा.
बाहेर अंधार, गल्लीत कुडकुडी,
आणि घराघरातून धोटे निघालेले,
एकाची खट दुसऱ्याच्या खटीवर पडत नाही,
तरी कुठंतरी जुळतंच.
बाप खड्ड्यात पाय सोडून बसलाय.
शेजारच्या भिंतीतून सुकाजी ठोकतो, उठलास का रे.

पाच छत्तीस.
पाच सदतीस.
दिव्यानीनं काही विचारलं नाही. घाम पुसला, बसून राहिली.
पाच एक्केचाळीसला गिरजानं कूलर लावला,
खसाचा ओला वास खोलीभर झाला.
"टाक," म्हटलं.

एका झटक्यात सगळी वर्षं भरली गेली.

मग मी कॅलेंडर उलटं धरलं,
एकेक नंबर वाचत गेलो, ती टाकत गेली.
सुकाजीपाशी आलो, दहाही आकडे सांगितले.
"हा लागते का, काका?"
पुढचा सांगतो, म्हटलं, लिही.