आठ की सहा

लखोटियांच्या जिनातली ती डॉज
सरकीच्या ढिगाला पाठ लावून उभी असायची.
छप्पन सालची, म्हणे. कुणी चौपन्न म्हणायचं.
सालावरून आर्वीत भांडण नव्हतं,
भांडण होतं बॉनेटखालच्या गोष्टीवर.

रऊफ मिस्त्री सांगायचा, आठ.
बाकी सगळ्यांना सहा सिलिंडर, हिला आठ,
कंपनीतूनच तसं आलेलं,
मागून कुणी बसवलेलं नाही, ध्यानात घ्या.
अशा अकराच निघाल्या.
दहा तिकडंच राहिल्या, अकरावी
मुंबईच्या धक्क्यावर उतरली,
कारण कुण्या साहेबानं त्या दिवशी
चुकीच्या रकान्यात खूण केली.

एवढी बारीक चूक
पुलगाव रोडवर बसून त्याला कशी कळली,
असं विचारलं की तो पाने पुसायला घ्यायचा.

झिबल उईके, शेठचा जुना डायवर, म्हणायचा,
"म्या चालवली ना बापा ते गाडी. सहाच होते.
पण कारंज्याकडचा चढ लागला का
आठाचा आवाज काढे."
हे ऐकून दोन्ही बाजूंना वाटायचं, आपणच जिंकलो.

मी तेव्हा अर्धा दिवस रऊफकडं कामाला,
उरलेला अर्धा दिवस बारावी नापास.
त्याच्या गल्ल्यात एक पिवळा कागद होता,
इंजिनावरचा नंबर कसा असावा त्याचा :
आधी एक अक्षर, मग चांदणी, मग चार आकडे.
चांदणी असली म्हणजे आठ.
कागद कुणी दिला?
अकोल्याच्या भंगारवाल्यानं.
त्याला?
कलकत्त्याच्या एका पारशानं. तो वारला.
आमच्याकडं खरं माहीत असलेली माणसं
नेहमी वारलेलीच असायची.

थोरले शेठ गेले, पोरांनी किल्ली दिली.
फाल्गुनातली दुपार, पत्रे तडतडत होते.
बॉनेट उचलायला तिघं लागलो.
आत मुंगसाचं बिऱ्हाड, सरकीचा भुगा,
आणि मॅटाडोरचं डिझेल इंजिन, चार सिलिंडरचं,
एका बोल्टच्या जागी बाभळीची खुंटी.

कुणी हसलं नाही.
आठवाले आणि सहावाले
पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते.

मग झिबलला आठवलं, उशिरा,
त्याला सगळंच उशिरा आठवायचं :
पेट्रोल महागलं त्या साली शेठनं इंजिन उतरवून
वरुडकडच्या एका संत्राबागेत दिलं होतं,
विहिरीवर, पाणी ओढायला.

एम-एटीवर तिघं गेलो.
आंबिया बहर फुटला होता, वासानं डोकं जड झालं.
इंजिन थारोळ्याच्या खाली, आडवं, चिखलात,
आणि बोबडेबाई त्यावर गोधडी आपटत होत्या.
भोकं मोजली. तीन.
पुढं ब्लॉकच तुटलेला.
उरलेला तुकडा? भंगारात गेला, म्हणाल्या,
पोराच्या बारशाच्या वेळी. पोरगा आता कंडक्टर आहे.

नंबर होता. अक्षर होतं.
नंतरची जागा गुळगुळीत,
वीस-पंचवीस वर्षांच्या ओल्या गोधड्यांनी घासलेली.
रऊफनं अंगठा फिरवला, डोळे मिटून, दोनदा.
"चांदणी असू शकते."
"ठोकाबी असू शकते," झिबल म्हणाला.
बाई गोधडी पिळत म्हणाल्या,
"माही सासू सांगे, दोन कोसावर आयकू जाये याचा आवाज."
रऊफ परत येताना आर्वीपर्यंत
ते वाक्य माझ्या पाठीला टेकून म्हणत होता.

डॉज कुठं गेली, ठाऊक नाही.
नागपूरहून परवा एक जण आला,
जुन्या गाड्या शोधतो, पायात पांढरे बूट.
इकडं एखादी आठवाली होती का, विचारत होता.
मी गल्ल्यातून पिवळा कागद काढला,
घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.
अकराच निघाल्या होत्या, म्हटलं.
कुणी सांगितलं, म्हणाला.
रऊफ मिस्त्रीनं.
भेटतील का?
मी पाना पुसायला घेतला.