हातचं राखून

क्लाक्सविकच्या हॉलमध्ये, गोलच्या मागे,
जिथे पूर्वी मोडक्या बाकांचा ढीग असायचा,
तिथे आता भिंत खेळते.

प्रोजेक्टर चालू झाला की भिंतीवर मासे उगवतात,
लाल, हिरवे, एखादा पिवळा दोन गुणांचा.
उगवला की थोपटायचा. हाताने, पायाने, जमेल त्याने.
तो फुटतो, आणि कोपऱ्यात आकडा पडतो:
तीनशे चार. दोनशे नव्वद.
सेकंदाचे हजार तुकडे कुणी केले, माहीत नाही,
मला त्यातले दोनशे एकाहत्तर पुरतात.

संघात इतक्या थोडक्यात कुणाचंच भागत नाही.
तोरोदुरने तो आकडा खडूने दारावर लिहिलाय,
खाली माझं नाव, मार्युन.
दार उघडं असलं की ते भिंतीकडे तोंड करून असतं.

आणि तरी मी राखीव.

गोलात रान्व्हा. वय छत्तीस,
सकाळी मासळीच्या कारखान्यात, संध्याकाळी गुडघ्याला पट्टा.
भिंतीवर तिचे तीनशे अठ्ठेचाळीस.
मासे तिच्या काखेखालून हसत निघून जातात.
ती घाम पुसते, म्हणते, "हे तुझंच गं, पोरी."
मग शनिवारी, सामन्यात,
चेंडू सुटायच्या आधीच ती तिथे पोचलेली,
जणू चेंडूने सकाळीच फोन करून कळवलंय.

नोव्हेंबरात, तोर्सहाउनला,
शेवटची चार मिनिटं, सात मीटरवरून फटका.
तोरोदुर म्हणाला, जा.
समोरची डावखुरी. तिने खांदा हलवला.
नुसता खांदा.
माझा हात गेला. इतका झटकन गेला
की भिंत असती तर दारावरचा आकडा पुसावा लागला असता.
चेंडू अजून तिच्या मुठीतच होता.
तिने तो सावकाश, अगदी सावकाश,
मी रिकाम्या केलेल्या कोपऱ्यात ठेवला,
शेजारणीकडे वाटी परत नेऊन ठेवावी तसा.

परतताना, समुद्राखालच्या बोगद्यात,
रान्व्हा माझ्या शेजारी येऊन बसली.
"दिवा खोटं बोलत नाही," ती म्हणाली.
"माणूस बोलतो. हातचं राखून राहावं थोडं."
आणि बोगदा संपायच्या आत झोपली.

सोमवारी मी पहिला मासा जाऊ दिला.
चुकला, म्हणाली भिंत.
दुसरा जाऊ दिला. तिसरा.
तोरोदुर मागून ओरडला, "डोळे मिटलेस की काय?"
मी बघत होते.
पण माशाला खांदा नसतो,
बघून बघून काय बघणार.

म्हणून हल्ली संध्याकाळी मी धक्क्यावर जाते.
काल्सोयची फेरी लागते तेव्हा
योआन्नेस दोर फेकतो. चाळीस वर्षं फेकतोय.
आधी टाच वळते, मग कंबर,
मग कोपर, आणि दोर सगळ्यात शेवटी,
जवळजवळ विसरल्यासारखा.
दुकानातली बाई सुटे पैसे काढण्याआधी
मान जराशी डावीकडे नेते, हेही कळलंय.
मेंढ्यांचं मात्र काहीच कळत नाही.

काल वारा बेफाम होता. योआन्नेसने मला पाहिलं,
टाच वळवली, कंबर वळवली,
आणि दोर फेकलाच नाही.
तसाच उभा राहिला, मिशीत हसत.

मी हलले नाही. शपथ.
खिशात, हातमोज्याच्या आत,
बोटं मात्र निघाली होती.