गेल्या सालच्या झावळ्या

बुधवारी कपाळाला राख लागणार,
म्हणून सोमवारी फादर
युरियाचं रिकामं पोतं माझ्या हातात देतात.
"घरोघर जा. एकही सोडू नकोस."

फादर वसईचे, नारळीच्या सावलीत वाढलेले.
पहिल्या साली त्यांनी विचारलं होतं, इथं माड कुठं मिळतील?
सगळं चर्च हसलं.
आमच्या झावळ्या शिंदीच्या.
शिवनेच्या काठाला उस्मानचाचांच्या बांधावर
तीनच झाडं उरलीत,
चाचा स्वतः कोयता घेऊन चढतात
आणि वरून ओरडतात,
"तुमच्या येशूला सांगा, गुडघे दुखतेत आता."

पहिलं घर रुबेन त्रिभुवनचं.
झावळी फोटोमागं. फोटोत आजोबा,
फेट्यापर्यंत वाळवी पोचलेली.
रुबेन खुर्चीवर चढतो, शिंकतो,
"नाताळच्या मांडवाचा हिशोब कधी देणार कमिटी?"
कमिटीला विचार, म्हणतो मी.
"कमिटीत तूच हायेस की."

सलोमीकाकूनं ती विजेच्या मीटरवर खोचलेली,
तेवढंच बिल कमी येतं म्हणे.
दिव्यांच्या पोरांनी तिची तलवार केलेली,
टोक मोडकं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
पोत्यात टाकली तसा धाकटा रडायला लागला.
जाळू नका माझी तलवार.
तुला बुधवारी पुढं बसवतो, म्हणालो,
तर म्हणाला, पुढं नाही बसायचं.

खालच्या आळीत सात घरं कुलूपबंद.
सगळी कारखान्यावर, होळीनंतर येतील.
जाताना झावळी कडीत खोचून गेलीत,
राखणीला.
एका दारापुढं कोंबडी बसलेली, ती पण हलेना.
मी हात पुढं केला, मागं घेतला.
फादर म्हणाले होते, एकही सोडू नकोस.
सात सोडल्या.

शेवटी मार्थाबाई.
इग्नासमास्तरांनी गेल्या साली
बसल्या बसल्या झावळीचा क्रूस विणला होता,
पेटीवर ठेवून भजन वाजवलं होतं,
आणि श्रावणात गेले.
तो क्रूस उशाच्या खिळ्याला.
मी काही बोललोच नाही, पोतं दाराबाहेर ठेवलं,
तरी ती म्हणाली,
"ही नाही देणार."
चुलीमागून तिनं केरसुणीचं थुटुक आणलं,
झिजून झिजून वीतभर राहिलेलं.
"ही घे. ही बी शिंदीचीच.
दर शनवारी चर्च झाडलंय हिनं,
तुमच्या झावळ्या तर भिंतीलाच होत्या."

मंगळवारी चर्चमागं, घमेल्यात जाळलं सगळं.
सिस्टर पदराआड खोकत होत्या.
पान पटकन गेलं, केरसुणीची गाठ जळेना,
सुतळी किती वेळ लाल राहिली.
मग चहाच्या गाळणीनं राख चाळली.
फादरांना सांगितलं नाही काय काय आहे त्यात.

बुधवारी ताटली धरून मी उभा.
कपाळामागून कपाळ,
घामेजलेलं, तेल चोपडलेलं, बाळंतिणीचं स्कार्फ बांधलेलं.
रुबेन आला, माझ्याकडं बघून भुवई उडवली.
दिव्यांचा धाकटा आलाच शेवटी,
राखेत डोकावून हळूच विचारलं,
"यातली माझी कोणती?"
फादरांचं बोट तसंच थांबलं हवेत.
मला उत्तर आलं नाही.
त्याच्या मागं मार्थाबाई, डोळे मिटून.

शनिवारी मी मांडवाच्या हिशोबाची वही घ्यायला गेलो
तर ती चर्च झाडत होती.
नवी केरसुणी, करकर आवाज,
जिथं झाडावं तिथं बारीक तूस उडतंय.
"थांब जरा," म्हणाली, "पाय नको ठेवू.
नवी हाय अजून.
स्वतःचाच केर पाडती."