लाभ, दोन, तीन

मोंढ्यात पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
तेवीस वर्षं मी तसंच म्हणत आलो
परभणीच्या मोंढ्यात,
पापण्यांवर सोयाबीनची धूळ घेऊन.

आता सकाळी आठला तळहातावर गोळ्या मोजतो.
लाभ.
दोन.
तीन.
रात्री आठला पुन्हा.
मधले बारा तास, तेवढीच त्याची झोप.

त्याची म्हणजे जागल्याची.
आमच्या गावात होता एक, हातात काठी, कंदील.
रात्री येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा,
कोणाचा रे तू?
बापाचं नाव सांगितलं की काठी खाली.
डॉक्टर मुंदडांनी कागदावर गोल गोल पेशी काढून दाखवल्या,
कोण राखतं, कोण हाकलतं.
मी म्हणलं, कळलं साहेब. जागल्या.

माझी दोन वाळली, ती मागं तशीच आहेत.
काढत नाहीत म्हणे. वाळली तरी घरची.
उजव्या कुशीत, खाली, कौसाक्काचं मूत्रपिंड.
एका आईचं दूध प्यालो आम्ही,
एका ताटात भाकर कुस्करली,
तरी जागल्या विचारणारच, कोणाचं गं तू?
ते बिचारं बोलत नाही.
रात्रंदिवस गाळत बसतं.

म्हणून त्याला झोपवायचं.
सगळं नाही. एक डोळा किलकिला राहील एवढं.
किती, ते रक्त सांगतं,
आणि रक्त सांगायला औरंगाबादची एसटी, तोंडाला फडकं.

जागल्या पेंगला की दार लोटून कोणीही येतं.
मोंढा बंद. पोत्यातली बुरशी फुप्फुसात रुजते म्हणाले.
पंगत बंद, गाड्यावरचा रस बंद,
नात शिंकली तर मी दुसऱ्या खोलीत.
आणि गोळ्यांनी हात थरथरतो,
हा हात, ज्याच्या खाली काटा कधी डुलला नव्हता.

आठव्या महिन्यात नागीण उठली.
बाहेरून नाही आली.
पाचवीत होतो तेव्हा कांजिण्या आल्या होत्या,
आईनं लिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं.
त्या गेल्या, असं समजून नारळ फोडला आम्ही.
गेल्या कुठं? कण्याशी दडून बसल्या चाळीस वर्षं,
त्याचा डोळा लागायची वाट बघत.

शेजारची गयाबाई म्हणाली,
तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपतो.
कौसाक्का सेलूहून आली, रुमालात काव बांधून.
मी काव लावू दिली नाही.
मग तिनं अंगाला न शिवता, हवेतूनच वितीनं मोजलं,
बरगडीपासून पाठीपर्यंत.
"वीतभर कमी पडतंय," म्हणाली. "नाही जुळत. झोप."

डॉक्टरांनी गोळी घटवली, वरून नागिणीचं औषध.
पंधरा दिवसांत खपल्या धरल्या
आणि क्रिएटिनिन चढलं,
एक पॉइंट दोनचं दोन पॉइंट एक.
जागल्या उठला होता.
काठी घेऊन थेट अक्काच्या दारात.

"आता जरा वाढवू," मुंदडा म्हणाले.
मी म्हणलं, साहेब, हा पासंग झाला.
इकडं चिमूट, तिकडं चिमूट.
दांडी सरळ राहते ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत,
तेवढ्यात मापाड्यानं आकडा बोलायचा असतो.
ते हसले. मी हसलो नाही.

खरं सांगू, मला त्याचीच कीव येते कधी कधी.
त्याचं काय चुकलं?
सत्तेचाळीस वर्षं राखलं त्यानं मला,
विहिरीचं पाणी, गंजका खिळा, देवाच्या जत्रा,
सगळ्यातून.
आणि मी त्याला दोन वेळा गुंगी देतो,
स्वतःच्या हातानं,
परक्याला आपलं म्हणावं म्हणून.
परकी कोण तर अक्का.

फोन वाजतो. अक्काच.
"घेतल्या का?"
घेतोय.
लाभ.
दोन.
तिसरी थरथरत्या बोटांतून निसटली,
फरशीवर, कपाटाखाली कुठं तरी.
गुडघ्यावर बसून चाचपतोय.
आठ वाजून चार मिनिटं.
आत कोणी तरी कूस बदलतंय.