तुर्भ्याचा वेस्टर्न

मला विचाराल तर
इटलीवाल्यांचा काऊबॉय जास्त खरा.
त्याची दाढी खाजते.
कुणाला वाचवण्याआधी तो पैसे मोजून घेतो.
ओठ एक बोलतात, ऐकू दुसरंच येतं.
सुनेत्रा विचारते, काय बघता हे?
मी म्हणतो, सोसायटीच्या मीटिंगला ये एकदा.

ही मतं बनली तुर्भ्याला,
दिगंबर मढवीच्या व्हिडिओत.
पत्र्याची शेड, दोन रुपये तिकीट,
मागे खाण.
पडद्यावरची धूळ कुठली आणि डंपरची कुठली
आम्ही कधी वेगळी केली नाही.
दुपारी सुरुंग उडायचे.
एकदा उडाला तो नेमका
पिस्तुलाचा चाप ओढताना,
शिट्ट्या मारत उभी राहिली सगळी पोरं.

आणि ते डोळे. नुसते डोळे.
चार चार मिनिटं कुणी काही करत नाही.
मी चुळबुळलो की मढवी म्हणायचा,
"गोली काय बगाची रं? ती त लागनारच.
लागाच्या आदीचा बग."

रात्रीच्या शोला भुतांचे, राक्षसांचे,
चार दिवसांत उरकलेले.
राक्षसाच्या पाठीला चेन,
हडळीच्या मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा,
रक्त म्हणजे सरळ रोझ सिरप.
लोक हसतात. मला ती चेन लावणारा दिसतो,
घाईत,
भाड्याचा बंगला सहाला परत करायचाय.

बहुतेक भिकारच असतात, हेही सांगतो.
बाईने किंचाळायचं, नाहीतर पाणी आणायचं.
मेक्सिकन म्हणून जो दाखवतात
त्याच्या विजारीला सुतळी, मिशीवर माशी.
तेव्हा मी खदाखदा हसलो होतो.
सुतळी तर माझ्याही चड्डीला होती.

एकाचा शेवट मात्र राहिला.
तिघं समोरासमोर, हात कमरेशी,
वारा,
आणि खर्रकन
मढवीच्या धाकट्या भावाची हळद!
कुणीतरी त्याच कॅसेटवर उतरवलेली.
बँजो, मांडव,
भाऊ कानापर्यंत पिवळा,
मढवीची आई कॅमेऱ्याला हाताने सांगते, जा, जेवून घे.
पैसे परत मागितले नाहीत कुणी.
बघत बसलो पार जेवणाच्या पंगतीपर्यंत.

खाण बंद आहे आता.
अर्धा कापलेला डोंगर
माझ्या नवव्या मजल्यावरून दिसतो.
मोबाईलवर तो सिनेमा मिळाला परवा, अख्खा.
बघितला.
उंच असतो तो मरतो.

नाही पटला.
हळद बरी होती.